तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या सोप्यातली युरियाची पोती

हो, आमच्या सोप्यात युरियाची पोती आहेत. लपवलेली नाहीत, दारातून आत आलं की डाव्या हाताला, जुन्या कणगीच्या जागी. मागच्या महिन्यात गावातल्या एका पोरानं त्यांचा फोटो काढला आणि मलाच पाठवला. खाली हसणारी तोंडं.

प्रश्न मला पाठ झालाय. शेतकरी मेळाव्यात, साखर कारखान्याच्या गेटवर, हळदीकुंकवालासुद्धा. "ताई, तुम्ही कारखान्याच्या लॅबमध्ये खताचे जिवाणू बनवता ना? मग घरच्या उसाला युरिया कसा?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य येतं, "म्हणजे ते बाटल्यांचं सगळं नुसतं नावालाच!" अकरा वर्षं मी यावर हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते. ॲझोटोबॅक्टर कोण, पीएसबी कोण, हे सांगत बसत नाही. ते बाटलीवर छापलेलं असतं आणि तुम्ही ते माझ्याकडून निदान चारदा ऐकलंय.

आधी जिवाणूंच्या बाजूनं बोलते, कारण ती बाजू खरी आहे. उसातला ॲसिटोबॅक्टर १९८८ साली ब्राझीलमध्ये उसातूनच वेगळा काढला गेला. तो मातीत नाही, उसाच्या आत राहतो, रसातली साखर खातो आणि हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, बांधतो. आपल्याकडची शिफारसही तुम्हाला माहीत आहे: बेणं जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवा आणि रासायनिक नत्र, म्हणजे युरिया, निम्म्यावर आणा. आता मला सांगा, तुमच्यापैकी कितीजणांनी निम्म्यावर आणला? बाटलीही ओतायची आणि युरियाही पूर्ण द्यायचा, हे आपलं चाललेलं. नत्र बांधणं हे जिवाणूला फार महागात पडणारं काम आहे. आजूबाजूला अमोनियाच्या रूपातला नत्र मुबलक असेल, तर तो ते काम कमी करतो. रोज दारात आयता डबा येत असेल तर चूल कोण पेटवेल? मग वर्षाच्या शेवटी तुम्ही म्हणता, फरक नाही दिसला. दिसेल कसा?

आता तुम्ही म्हणाल, हेच तर आम्ही तुम्हाला विचारतोय.

त्या पोत्यांतली काही पोती तर चक्क जिवाणूंसाठीच असतात, हे त्या फोटो काढणाऱ्याला माहीत नव्हतं. आम्ही खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात, पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळत नाही. पाचटात कर्ब भरपूर, नत्र जवळपास नाहीच. नुसतं पाचट सरीत टाकून वर कुजवणारे जिवाणू शिंपडले, तर ते स्वतःच्या पोटासाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणून पाचटावर थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट, मग कुजवणारं कल्चर, मग पाणी. पूर्वी मेळाव्यात मी एक वाक्य टाळ्यांसाठी ठेवलेलं असायचं, "जिवाणू म्हणजे तुमच्या रानातले बिनपगारी मजूर." आज ते आठवलं की कानशिलं तापतात. बिनपगारी काही नसतं. ज्या रानात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलाय, शेणखत दहा वर्षांत दिसलेलं नाही, पाचटाला दरवर्षी काडी लागते, तिथं बाटली ओतणं म्हणजे रिकाम्या घरात पाहुणे धाडणं. दोन दिवस राहतील, मग मरतील. हे मी तेव्हाही जाणत होते. पण हे सांगितलं की बाटली खपत नाही, आणि तेव्हा मला ती खपायला हवी होती. असो.

पण सोप्यातली सगळी पोती पाचटासाठी नाहीत, हेही खरं. आमच्या घरी उसाचा नत्र पावभरानं कमी झालाय, निम्म्यानं नाही. का नाही, ते सांगायचं तर आल्याकडे यावं लागतं.

२०१९ ची गोष्ट. आमचं रान कोरेगाव तालुक्यात, वसनेच्या बाजूला. मुरमाड, निचऱ्याचं, आल्याला चांगलं. फक्त खालची चार-पाच गुंठे ओढ्याकडे उतरलेली. त्या वर्षी तीस गुंठे आलं होतं. आदल्या वर्षी तेवढ्याच रानात अठरा गाड्या निघाल्या होत्या आणि घरात सगळ्यांची मान ताठ होती. लग्न होऊन मला सहा वर्षं झाली होती आणि शेतातल्या कुठल्याही गोष्टीत मला कुणी विचारलं नव्हतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, कराडच्या कॉलेजातली, रोज लॅबमध्ये बश्यांवर वसाहती मोजणारी, पण घरात मी सून. त्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आधी नाना, म्हणजे माझे सासरे, जेवताना एकदम म्हणाले, "काय गं, तुझी ती हिरवी पावडर आल्याला चालती का? आन की मग."

मला त्या रात्री झोप लागली नाही. हसू नका.

ती हिरवी पावडर म्हणजे ट्रायकोडर्मा, रोगाच्या बुरशीशी लढणारी मित्रबुरशी. मी ती आणली. ताजी, त्याच आठवड्यातल्या बॅचची. लागणीच्या आदल्या संध्याकाळी ड्युटी संपवून घरी आले, तर बेणं सावलीत पसरलेलं आणि शेजारी पिंपात पांढुरकं पाणी. भावजींनी सकाळी नेहमीप्रमाणे बेणं कार्बेन्डाझिमच्या पाण्यातून काढलं होतं. कुणी मला सांगितलं नाही, ही माझी जुनी सबब. पण मी पिंप पाहिलं होतं. पांढुरकं पाणी कशाचं, हे मला विचारायची गरज नव्हती. कार्बेन्डाझिम बुरशी मारतं आणि ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, त्यात या औषधाला फार हळवी. हे मी परीक्षेत लिहिलेलं. त्या दोघांत दिवसांचं अंतर हवं, किंवा दोघांतलं एकच हवं. पण उद्याचा मुहूर्त होता, बायका सांगून ठेवल्या होत्या, आत्या त्यांच्यासाठी भाकरीचं पीठ मळत होत्या, आणि नानांनी सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. मी त्याच बेण्याला माझी हिरवी पावडर लावली. मनाशी म्हटलं, थोडी तरी जगेल.

जून चांगला गेला. जुलैच्या अखेरीस पाऊस जो लागला तो थांबेना. तुम्हाला तो पाऊस सांगायला नको. सांगलीत कृष्णा घरात शिरली तेच दिवस. आमच्याकडे पूर नव्हता, पण बेडमधल्या सऱ्या दिवसरात्र वाहत होत्या आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाणी नुसतं उभं होतं. तिथले फुटवे शेंड्याकडून पिवळे पडायला लागले. नानांनी एक ओढून पाहिला. अलगद हातात आला. बुडाशी पाणचट, आणि तो वास.

दुकानदारानं त्याच दिवशी मेटालॅक्झिल या रासायनिक औषधाची आळवणी सांगितली, म्हणजे औषधाचं पाणी बुडाशी ओतायचं. नाना पैसे घेऊन निघालेही होते. मी दारात आडवी आले. "नाना, आता रासायनिक नको. आत मित्रबुरशी आहे, तिला वेळ द्या. मी लॅबमधून आणखी आणते, त्याचीच आळवणी करू. आठ दिवस थांबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छत्री भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "तू शिकल्याली हायस. थांबू."

या एका गोष्टीत माझ्या किती चुका होत्या, ते मी नंतर मोजलं. ट्रायकोडर्मा रोग येऊ नये म्हणून आधी द्यायचा असतो. आग लागल्यावर पहारेकरी नेमून उपयोग नसतो. कंदकूज करणारा पिथियम पाण्यातून पोहत जातो आणि साचलेल्या पाण्यात त्याचं राज्य असतं. कार्बेन्डाझिमचं पिथियमवर काही चालत नाही. म्हणजे सकाळच्या त्या पिंपानं माझी बुरशी मारली आणि शत्रूला हातही लावला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मेटालॅक्झिल ट्रायकोडर्माला जवळजवळ काहीच करत नाही. दोन्ही चाललं असतं. मी कुठल्याही शास्त्रासाठी दारात आडवी आले नव्हते. "रासायनिक नको" हे माझ्या भाषणातलं वाक्य होतं आणि मी ते घरात वापरलं.

आठ दिवसांनी कोपरा गेला होता आणि रोग वर चढला होता. मग आळवणी केली, चर काढले. नाना भर पावसात पोतं डोक्यावर घेऊन चर काढत होते, सत्तरीचा माणूस. भावजी बोलले, जे बोलायचं ते. आत्या बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. शेवटी पाच गाड्या निघाल्या, त्याही कोवळ्या, मिळेल त्या भावात. नानांनी हिशेबाची वही मला दाखवली नाही. दरवर्षी दाखवतात असंही नाही. पण त्या वर्षी मला ती बघायची होती.

उरलेली पिशवी मी लॅबमध्ये नेली. खरं सांगते, ती पिशवी खराब निघावी असं मला मनापासून वाटत होतं. बश्या भरल्या, चार दिवसांनी उघडल्या. गच्च हिरव्या. माल अव्वल होता. शेजारच्या बशीत आमच्या रानातल्या कंदाजवळची माती होती. त्यात हिरवं कुठंतरी एखादं, आणि बाकी सगळीकडे कापसासारखं पांढरं, कडेपर्यंत.

आता यावर एक गोष्ट माझ्या बाजूची आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या बांधाला लागून ज्यांचं आलं होतं, त्यांनी पहिल्याच दिवशी आळवणी केली होती. त्यांचंही निम्मं गेलं. म्हणजे मी आडवी आले नसते तरी ओढ्याकडचं वाचलं नसतं. कदाचित वरचं वाचलं असतं. कदाचित नसतं. मी हा हिशेब इतक्यांदा केलाय की आता मला त्याचं उत्तर कुठलं सोयीचं आणि कुठलं खरं, हे वेगळं करता येत नाही.

तर, युरिया. दुसऱ्या वर्षी आडसाली ऊस लावताना मी नानांना म्हटलं, ॲसिटोबॅक्टर लावू आणि नत्र निम्मा करू. ही शिफारस आहे, माझं मत नाही. ते म्हणाले, "पावभर कमी कर. बाकीचं माझ्या मनानं असूं दे." मी वाद घातला नाही. कुठल्या तोंडानं घालणार होते? तेव्हापासून पावभरच आहे. त्या उरलेल्या पोत्यांचं कारण जिवाणूंत शोधू नका.

उसाला फायदा होतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी एका वर्षी दहा सऱ्या कोऱ्या ठेवल्या होत्या, जिवाणू न लावलेल्या, बांधाला चुन्यानं खूण करून. फुटवा बघून मला वाटलं फरक आहे. नवऱ्याला वाटलं नाही. तोडणीला टोळी आली, त्यांना सऱ्यांशी काय देणंघेणं? सगळा ऊस एकाच ट्रॉलीत. वजनकाटा ट्रॉलीचं वजन सांगतो, दहा सऱ्यांचं नाही. मी त्या दिवशी ड्युटीवर होते, रजा मिळाली नव्हती. दुसऱ्यांच्या रानातल्या जिवाणूंची मोजणी करत होते.

मी कशाची खात्री देऊ शकते, ते सांगते. द्रवरूप जिवाणू खतात दर मिलिलिटरला निदान दहा कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात, सरकारी नियम आहे. आमच्या लॅबमधून बाटली निघते तेव्हा त्यात तेवढ्या असतात, कारण मोजणारी मी आहे. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारा जिवाणू, असेल तर बशीत वसाहतीभोवती पारदर्शक कडं दिसल्याशिवाय मी सही करत नाही. त्यानंतर ती बाटली एप्रिलमध्ये पत्र्याच्या दुकानात महिनाभर बसली, तुम्ही ती तांबेयुक्त औषधाबरोबर एकाच पंपात कालवली, सोयाबीनचं रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारा जिवाणू) हरभऱ्याला लावलंत, तर तिथं माझी सही पोचत नाही. हरभऱ्याची मुळं उपटून गाठी चिरून बघता का कधी? आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी-हिरवट असेल तर नाही. एवढं ब्लेडनंही कळतं, त्याला लॅब लागत नाही. पण बघत कुणी नाही. फोटो पोत्यांचे काढतात.

चिडले. जाऊ दे.

यंदा पुन्हा आलं आहे, वीस गुंठे, ओढ्याकडचं सोडून. नानांनीच विषय काढला. "यंदा ती हिरवी पावडर आणणार का?" मला वाटलं टोमणा आहे. तोंडाकडे पाहिलं तर नव्हता.

"आणीन. पण बेण्याला दुसरं काही लावायचं नाही."

"मग कंदकूज आली तर?"

"तर मेटालॅक्झिल. त्याच दिवशी. मी मध्ये येणार नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग भावजींना हाक मारून म्हणाले, "ते पिंप धुऊन पालथं घाल रं. आणि हिला दाखीव."