आमचा गवा आणि त्यांचा मूस

बाबा न्यू जर्सीत आले की पहिले आठ दिवस मापं काढण्यात जातात. इथली वांगी केवढाली, कांदे केवढाले, आणि चव म्हणाल तर नुसतं पाणी. गेल्या खेपेला ही सवय घेऊनच ते न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत शिरले.

बाबांची सगळी नोकरी राधानगरीच्या शाळेत गेली. पहाटेच्या एस.टी.च्या उजेडात रस्ता अडवून उभा असलेला गवा त्यांनी इतक्यांदा पाहिलाय, की जनावराचं मोठेपण मोजायचं त्यांचं मापच गवा आहे. म्हैस म्हणजे अर्धा गवा, बैल पाऊण.

उत्तर अमेरिकेची जनावरं पहिल्या मजल्यावर आहेत. (इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यावरून जिन्यापाशी एक स्वतंत्र वाद झाला.) काचेमागे अलास्काचे दोन मूस, म्हणजे इथली दांडगी हरणं, झुंजताहेत. मोठा नर खांद्यापाशी सात फुटांपर्यंत जातो, वजन सहाशे किलोंच्या पुढे, आणि शिंगं म्हणजे दोन्हीकडे पसरलेली फावडी. ती दर हिवाळ्यात गळतात आणि पुन्हा पहिल्यापासून उगवतात.

"सांबरासारखंच की," बाबा म्हणाले. "पण पाय बघ. शिडीवर ठेवल्यागत दिसतंय. उंचीला हाय, अंगाला न्हाई."

पाय तसे का, तर बर्फात आणि दलदलीत चालायचं म्हणून. हे मी सांगेपर्यंत ते बायसनपाशी, म्हणजे अमेरिकेच्या केसाळ रानबैलापाशी, पोचले होते. तिथे मात्र थांबले. बायसनचा दांडगा नर हजार किलोंना टेकतो, गव्याच्या तोडीचा. त्याच्या वशिंडात चरबी नसते. पाठीच्या मणक्यांचे लांब काटे आणि त्यांना धरून घट्ट स्नायू. त्या जोरावर तो डोकं डावी-उजवीकडे हाणून बर्फ बाजूला सारतो आणि खालचं गवत खातो. डोक्याने फावड्याचं काम करणारं जनावर बाबांना पटलं. "हा चालतोय," म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावर आफ्रिका. मधोमध आठ हत्ती. बाबा काही बोलले नाहीत. हत्तीपुढे गवा काढायचा नसतो, एवढं तारतम्य त्यांना आहे.

पण भिंतीच्या कडेने फिरायला लागल्यावर गंमत कळली. हत्ती, गेंडा, जिराफ बाजूला ठेवले, तर आफ्रिकेचा प्रत्येक गडी मोठा नाही. तिथला रेडा बायसनपेक्षा हलका. ("वजन नको बघूस, नजर बघ," इति बाबा.) मोठा कुडू नावाचा हरणासारखा प्राणी अडीचशे किलोंचा, तर अमेरिकेतलं एल्क हरीण तीनशेच्या पुढे. इम्पालाचा नर साठेक किलोंचा, म्हणजे पोसलेला बोकड. इथे आमच्या मागच्या अंगणात येऊन झेंडू फस्त करणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा उत्तरेकडचा नर शंभर ओलांडतो. मुसाला वजनात टक्कर देणारं हरणासारखं जनावर एकच, एलँड. त्याचा मोठा नर नऊशे किलोंपर्यंत जातो, आणि चालताना त्याच्या गुडघ्यांतून टक टक आवाज येतो. दुसरा जिना चढून आलेल्या बाबांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एलँडकडे फार आपुलकीने पाहिलं.

खालच्या टोकाला डिक-डिक. पाचेक किलो. आपल्या पिसोरी हरणाच्या थोडं वर. असलं चिमुकलं खूर असलेलं जनावर उत्तर अमेरिकेच्या थंडीत दिसत नाही. फ्लोरिडाच्या बेटांवरचं सगळ्यात बुटकं हरीणही पंचवीस-तीस किलोंचं असतं, आणि ते त्या अंगणातल्या हरणाचंच भाऊबंद. कार्ल बर्गमन या जर्मन माणसाने 1847 मध्ये मांडलं, की एकाच कुळातली थंड मुलखातली जनावरं उबेच्या मुलखातल्यांपेक्षा मोठी असतात. बाबांना हे मी चहावर समजावलं: बशीतला निवतो, पातेल्यातला निवत नाही. त्यांनी कागदी पेल्यातला चहा बशीशिवाय कसा निववायचा, एवढाच प्रश्न विचारला.

तिथेच त्यांना पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकात फ्रान्सचा मोठा निसर्गपंडित ब्युफाँ याने ठरवून टाकलं होतं, की नव्या जगाची, म्हणजे अमेरिकेची, हवा थंड आणि दमट, म्हणून तिथली जनावरं खुजी. तिकडे हत्ती, आणि इकडे काय, तर टापीर, सहा महिन्यांच्या वासराएवढा! थॉमस जेफरसनला हे झोंबलं. व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात त्याने तक्तेच दिले: युरोपातलं अस्वल 153.7 पौंड, अमेरिकेतलं 410.

"आणि दशांश चिन्ह?" बाबा हसले. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला दशांश चिन्ह कशासाठी घालतात ते कळतं.

तक्त्यांनी भागेना, म्हणून पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत असताना जेफरसनने न्यू हॅम्पशायर राज्यातल्या जॉन सुलिव्हनकडून एक आख्खा मूस मागवला. 1787 च्या शरद ऋतूत तो पोचला तेव्हा केस झडत होते आणि डोक्यावरची शिंगं दुसऱ्याच मुसाची होती, तीही लहान. जेफरसनने ब्युफाँला पत्रात आधीच सांगून टाकलं, की शिंगांवर जाऊ नका. पुढच्या वर्षी ब्युफाँ वारला.

पण त्या तक्त्यात जेफरसनने पहिल्या ओळीला कोणाला बसवलं होतं? मॅमथला, हत्तीच्या जुन्या भाऊबंदाला. जो केव्हाच संपला होता. जेफरसनला मात्र वाटायचं, पश्चिमेच्या रानात कुठेतरी असेल अजून.

म्हणून मी बाबांना चौथ्या मजल्यावर नेलं, लिफ्टने. तिथे मॅस्टोडॉनचा, म्हणजे मॅमथसारख्याच संपलेल्या हत्तीच्या नातलगाचा, सांगाडा उभा आहे, 1845 मध्ये न्यूबर्गला सापडलेला. न्यूबर्ग म्हणजे हडसनच्या काठाने शंभरेक किलोमीटर वर. सफरचंदं तोडायला आम्ही तिकडे जातो. बाबांनी दातांखालून वर पाहिलं.

"हा आफ्रिकेचा?"

"इथलाच. असे बरेच होते. मॅमथ, घोडे, उंट, जमिनीवरचे दांडगे स्लॉथ. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी सगळे गेले."

"कशानं?"

"भांडण चालू आहे. कोणी म्हणतं हवा बदलली, कोणी म्हणतं माणसानं खाल्ले. आफ्रिकेतल्यांना माणूस पहिल्यापासून माहीत होता, ते सावध राहिले म्हणतात."

बाबा बाकावर बसले. बराच वेळ सांगाड्याकडे बघत होते. "म्हणजे खाली बघितली ती उरलेली," म्हणाले. मग खिशातून फोन काढला आणि मघाशी घेतलेला मुसाचा फोटो राधानगरीच्या निवृत्त मास्तरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "मूस. उंचीला बरा. अंगाला गव्याच्या खाली."