लोट्याला इंटर्नशिप, महिना 8000

टीईचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात बॅग भरून लोट्याला गेले. लोटे म्हणजे लोटे परशुराम एमआयडीसी, चिपळूण आणि खेडच्या मधे, मुंबई-गोवा हायवेला लागून, सगळ्या केमिकल कंपन्या. आमचं घर सांगलीला, त्यामुळे एसटी कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरते आणि घाट संपला की हवा जी अंगाला चिकटते ती दोन महिने सुटत नाही. कंपनीचं नाव सांगणार नाहीये, कारण पुढे माझा एक पराक्रम आहे.

आधी पैशांचं सांगते कारण सगळे ज्युनिअर्स तेच विचारतायत. पुण्यात पेड इंटर्नशिप म्हटलं की पहिला प्रश्न हा की कोण कुणाला पे करणार. मला आलेल्या फोनांपैकी निम्मे तरी असे होते की मॅडम सहा हजार भरा, एका महिन्यात पीएलसी-स्काडा (कारखान्यातलं ऑटोमेशन) शिकवतो आणि सर्टिफिकेटवर इंटर्न लिहून देतो. अरे मग क्लास म्हणा ना! सरकारी स्कीमचंपण बघून झालं होतं, 2024 ला पीएम इंटर्नशिप आली तेव्हा महिना 5000 आणि वर्षभराचं काम असं होतं, पण फुलटाइम शिकणाऱ्यांना त्यात जागाच नव्हती. राहिला एकच मार्ग. जानेवारीत बसून केमिकल, शुगर, पॅनेल बनवणारे असे दिसतील त्यांना मेल टाकले, 23 टाकले, दोघांचे रिप्लाय आले, त्यातल्या एकाने विचारलं की तुमच्या ओळखीचं आमच्याकडे कोण आहे. दुसरे म्हणजे हे. महिना 8000, दोन महिने, राहायचं तुमचं तुम्ही बघा.

स्टायपेंड कमी की जास्त यावर वाद घाला, पण मला फरक कळला तो असा की ज्याला पैसे देतात त्याला काम देतात. माझ्या दोन मैत्रिणी फुकट इंटर्नशिपला होत्या, त्यांना दोन महिने फायली वाचायला बसवलं. मला पहिल्याच दिवशी पंचिंग कार्ड, अर्धा दिवस सेफ्टी ट्रेनिंग, आणि सेफ्टी शूज. शूजमधे लेडीज साइज हा प्रकार स्टोअरला माहीतच नव्हता, सगळ्यात लहान सहा नंबर, मी चार नंबरवाली, म्हणून दोन मोजे घालून फिरायचे. तिसऱ्या दिवशी टाच सोलली. स्टोअरवाल्या काकांनी नंतर कुठून तरी मागवून दिले पण तोपर्यंत जून उजाडला होता.

मला ज्यांच्याबरोबर दिलं ते इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे प्रेशर-लेव्हल-टेंपरेचर मोजणाऱ्या यंत्रांचे, टेक्निशियन, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, पंचविसेक वर्षं ह्याच लाइनीत. त्यांनी पहिल्यांदा परीक्षाच घेतली, ही यंत्रं कंट्रोल रूमला जो करंटचा सिग्नल पाठवतात त्यावर. "4 ते 20 मिलिअँपिअर शिकलीस ना? मग 0 ते 20 का नाय?" मी पोपटासारखं लाइव्ह झिरो म्हणाले, म्हणजे रीडिंग शून्य असलं तरी सिग्नल जिवंत. ते म्हणाले चल. एका लेव्हल ट्रान्समीटरवर (टाकीची पातळी मोजून सिग्नल पाठवणारं यंत्र) काम करायचं परमिट घेतलेलंच होतं, त्याची वायर काढली आणि कंट्रोल रूमला वॉकीटॉकीवर विचारलं काय दिसतंय. तिकडून लगेच, "भाऊ, बॅड पीव्ही." म्हणजे रीडिंग भरवशाचं नाही. मग मला म्हणाले, टाकी रिकामी असली तरी 4 येतात, शून्य आलं की टाकीकडे बघायचं नाय, वायरीकडे बघायचं. आणि दुसरं, हा टू-वायर ट्रान्समीटर, ह्याला वेगळा सप्लाय नाय, तो त्या चारावरच जगतो. हे दुसरं मी तीन वर्षांत एकदाही असं विचारात घेतलं नव्हतं. आम्ही पाठ केलेलं की 250 ओहम लावले की 1 ते 5 व्होल्ट मिळतात, दोन मार्क. निघताना भाऊ म्हणाले, "तुझा स्टायपेंडपण तोच गो, लाइव्ह झिरो."

मे महिना सगळा कॅलिब्रेशनमधे गेला. प्रेशर ट्रान्समीटर लाइनपासून आयसोलेट करायचा, व्हेंट करून आतलं प्रेशर सोडायचं, हातपंप जोडायचा आणि पाच पॉइंट घ्यायचे, 0, 25, 50, 75, 100 टक्के, म्हणजे 4, 8, 12, 16, 20 यायला पाहिजेत, मग तसंच उलटं खाली यायचं, कारण वर जाताना बरोबर दाखवणारा खाली येताना कधीकधी वेगळंच बोलतो. पहिले दोन दिवस मजा, पुढे हात दुखतात, पण रोज दहा-दहा केल्यावर पीटी-100 ह्या टेंपरेचर सेन्सरचे 0 डिग्रीला 100 ओहम आणि 100 डिग्रीला 138.5 हे आपोआप डोक्यात बसतं, पाठ करावं लागत नाही.

आता पराक्रम. एका लूपचं, म्हणजे ट्रान्समीटर ते कंट्रोल रूम ह्या सर्किटचं, करंट मोजून झालं होतं, म्हणजे मल्टिमीटरचा लाल प्रोब मिलिअँपिअरच्या भोकात. भाऊ चहाला गेलेले. मला वाटलं आपण तोवर पॅनेलमधे 24 व्होल्ट येतायत का बघून ठेवू. नॉब व्होल्टवर फिरवला, प्रोब तसाच. टर्मिनलला लावला मात्र, काहीच झालं नाही, ठिणगी नाही आवाज नाही, फक्त डिस्प्लेवर शून्य. ज्यांना माहितीये त्यांना कळलं असेल, करंटच्या भोकात प्रोब असला की मीटर म्हणजे जवळजवळ नुसती वायर, मी सप्लाय सरळ शॉर्ट केला होता. लूपचा काचेचा बारका फ्यूज गेला आणि कंट्रोल रूममधून वॉकीटॉकीवर ओरडा सुरू. नशीब ते नुसतं इंडिकेशन होतं, त्यावर इंटरलॉक (रीडिंग बिघडलं की मशीन आपोआप बंद करणारी व्यवस्था) असता तर पंप ट्रिप झाला असता. भाऊ चहाचा कप हातात घेऊनच आले, फ्यूज बदलला, लॉगबुक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले लिही, स्वतःच्या अक्षरात. मी लिहिलं. रात्री खोलीवर जाऊन रडले पण.

जूनमधे पाऊस आला आणि खरं शिकणं तेव्हा सुरू झालं असं मला वाटतं. एका टाकीची लेव्हल रात्री आपोआप वाढायला लागली, ट्रान्सफर बंद, कोणी काही ओतत नाही, तरी सकाळपर्यंत चार टक्के वर. प्रॉडक्शनवाले नेहमीप्रमाणे म्हणाले तुमच्या इन्स्ट्रुमेंटचं काहीतरी आहे, आणि ह्यावेळी ते बरोबर होते. ट्रान्समीटर चेक केला, ओके. केबल बघत बघत जंक्शन बॉक्सपर्यंत, म्हणजे केबली जोडायच्या डब्यापर्यंत, आलो, झाकण उघडलं, आत बोटभर पाणी, टर्मिनलवर हिरवी पुटं, आणि कोपऱ्यात एक नखाएवढं बेडूक निवांत बसलेलं. वरच्या बाजूची केबल आत घ्यायची एक रिकामी एन्ट्री, तिला प्लगच नव्हता. ओल्या टर्मिनलमधून प्लस-मायनसमधे थोडं करंट गळतं, ते लूपच्या करंटमधे मिळतं आणि कंट्रोल रूमला वाटतं टाकी भरतीये. तिथे ब्लोअर लावायचा तर हॉट वर्क परमिट (ठिणगी-उष्णतेच्या कामाची परवानगी) लागतं, म्हणून भाऊंनी इन्स्ट्रुमेंट एअरची नळी आणली, ती हवा मुळातच कोरडी केलेली असते, वीस मिनिटं सोडून ठेवली. बेडकाला मी कागदावर घेऊन गवतात सोडलं. प्लग लावला, रीडिंग खाली आलं. मग पुढचा आठवडाभर मला एकटीला सगळ्या जंक्शन बॉक्सची यादी करायला लावली, 61 बॉक्स, रेनकोट घालून, त्यात 9 ठिकाणी प्लग नव्हते.

ज्युनिअर्सना एवढंच सांगते की मार्चमधे शोधू नका, डिसेंबर-जानेवारीतच सुरू करा. साखर कारखाने विसरू नका, गाळप संपलं की उन्हाळ्यात ओव्हरहॉलिंग असतं, तेव्हा सगळं खोललेलं बघायला मिळतं. रिसर्चमधे जायचं असेल तर तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून जी समर फेलोशिप असते तिचा फॉर्म आदल्या वर्षीच भरायला लागतो, माझा तसाच हुकला.

हिशोब विचारलात म्हणून, 16000 आले. कॉट बेसिसचे 4000, खानावळीचे 5600, एसटी आणि किरकोळ धरून दोनेक हजार. उरलेल्यातून एम-थ्रीचा, म्हणजे मॅथ्स-3 चा, एटीकेटी फॉर्म भरला, हो, राहिलाय, आणि एक सेकंडहँड मल्टिमीटर घेतला. प्रोब चुकीच्या भोकात असला तर तो बोंबलतो.