दोन्ही धागे तुटतात तेव्हा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अकरावीची काही मराठी मुले जीवशास्त्र शिकायला येतात. अर्धसूत्री विभाजनातील (बीजपेशी तयार होतानाच्या विभाजनातील) जनुकांची अदलाबदल शिकवून झाली, की त्यांच्यापैकी कोणी तरी विचारतेच, की गुणसूत्र स्वतःहून तोडण्याचा धोका पेशी पत्करते तरी कशी? मुलांचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण ही अदलाबदल ज्यातून घडते ते होमोलॉगस रिकॉम्बिनेशन, म्हणजे सारखाच मजकूर असलेल्या दुसऱ्या डीएनएच्या आधाराने होणारी जोडणी, ही मुळात दुरुस्तीची प्रक्रिया आहे, हे त्यातून सांगता येते.

डीएनएचा एकच धागा तुटला, तर समोरचा धागा पाहून तो सांधता येतो. किरणोत्सर्गामुळे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, तर पाहायला समोर काहीच उरत नाही. तुटलेली टोके तशीच जोडून टाकण्याचा मार्ग पेशीकडे आहे, पण त्यात सांध्यापाशी काही अक्षरे (डीएनएचे घटक) गळू शकतात. होमोलॉगस रिकॉम्बिनेशनमध्ये मात्र पेशी तोच मजकूर दुसरीकडे शोधते, आणि म्हणूनच ते मुख्यतः डीएनएची प्रत तयार होत असताना किंवा झाल्यावर घडते.

प्रथम प्रत्येक टोकाचा एक धागा विकरे कुरतडतात आणि दुसरा उघडा पडतो. त्यावर आरपीए हे प्रथिन बसते. मग बीआरसीए-२ या प्रथिनाच्या मदतीने त्याची जागा रॅड-५१ हे प्रथिन घेते. रॅड-५१ ने वेढलेला हा धागा सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्यांच्या मानवी जनुकसंचातून आपल्याशी जुळणारा भाग हुडकतो, त्याच्या दोन धाग्यांमध्ये शिरतो आणि तिथला मजकूर पाहून पुढे वाढू लागतो. डीएनएची नवी जुळी प्रत कोहेसिन या प्रथिनामुळे जवळच बांधलेली असते हे खरे, तरीही हा शोध मला या साऱ्यातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

पुष्कळदा वाढलेला धागा परत येऊन दुसऱ्या टोकाशी जुळतो. कधी दोन्ही डीएनए एकमेकांत गुंततात. अशा सांध्याची कल्पना रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये मांडली. तो कोणत्या दिशेने कापला जातो, यावर अदलाबदल ठरते. अर्धसूत्री विभाजनात स्पो-११ हे प्रथिन मुद्दाम तूट घडवते, ती या दुरुस्तीच्या भरवशावरच.

बीआरसीए-२ च्या जनुकाची एक सदोष प्रत वारशाने मिळालेल्या व्यक्तीत एखाद्या पेशीतली दुसरी प्रतही निकामी झाली, की ही अचूक दुरुस्ती थांबते, चुका साचतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. २०१४ मध्ये मान्यता मिळालेले ओलापारिब हे कर्करोगावरचे औषध नेमकी हीच उणीव हेरते: ते एकेरी तुटी सांधणाऱ्या पार्प विकराला अडवते, त्यामुळे डीएनएची प्रत बनताना दुहेरी तुटी वाढतात. एक चांगली प्रत शाबूत असलेल्या पेशी त्या सांधू शकतात. कर्करोगाच्या पेशीला ते जमत नाही आणि ती मरते.