मलेशिया, कोस्टा रिका आणि नाशिकची द्राक्षं

भाची कलिनाला एमए करतेय, पॉलिटिक्समध्ये, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. परीक्षेआधी महिनाभर आमच्याकडे नेरूळला राहायला होती आणि जाताना झेरॉक्सचा एक गठ्ठा टेबलावर टाकून गेली. "मामा, वाच हे, तुझ्याच धंद्यावर लिहिलंय." माझा धंदा म्हणजे फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे लोकांचा माल जहाजाने परदेशी पाठवून द्यायचा, ऑफिस बेलापूरला, दिवसभर बुकिंग, कटऑफ, बीएलमधल्या (जहाजाच्या मालपावतीतल्या) स्पेलिंगच्या चुका आणि पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, शिव्या. म्हटलं यात कोण प्रोफेसर काय लिहिणार. पण लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला लागलो आणि खरंच अडकलो.

सगळ्यात वरचा पेपर हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन या दोघांचा, २०१९ चा. जुना समज असा की देश एकमेकांत व्यापाराने जितके गुंतले तितकी मारामारी कमी, कारण भांडलं की दोघांचाही तोटा. नॉर्मन एंजलचं याच विचाराचं पुस्तक १९१० च्या सुमारास खूप गाजलं आणि १९१४ ला महायुद्ध पेटलं, तेव्हापासून बिचाऱ्याची टिंगल चालू आहे. खरं तर युद्ध होणारच नाही असं तो म्हणालाच नव्हता, जिंकलात तरी हाती काही लागणार नाही एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि १९३३ चं शांततेचं नोबेलही त्याला मिळालं, पण पुस्तक न वाचता हसणारे लोक सगळीकडेच असतात.

तर फॅरेल-न्यूमन म्हणतात की हे जे गुंतलेलं जाळं आहे ते सगळीकडे सारखं विणलेलं नाहीये. पैसे, इंटरनेट, सगळं थोड्याच गाठींमधून जातं, आणि ती गाठ ज्या सरकारच्या हद्दीत, त्याला दोन गोष्टी करता येतात, कोण कोणाशी काय करतोय ते बघता येतं आणि मनात आलं की एखाद्याला बाहेर काढता येतं. उदाहरण स्विफ्टचं. कंपनी बेल्जियमची, काम बँकांचे निरोप पोहोचवायचं, आणि २०१२ मध्ये इराणच्या बँका त्यातून तोडल्या. ते वाचल्यावर मला लगेच तेव्हाचा आमच्या मजल्यावरचा बासमतीवाला आठवला. इराणला माल जायचा, पैसे कसे यायचे हा प्रश्न, मग आपल्या सरकारने तेलाचे पैसे रुपयात यूको बँकेत ठेवायचे आणि त्यातूनच तांदूळवाल्यांचं पेमेंट करायचं असा रस्ता काढला. त्या माणसाने स्विफ्टवरचा एकही पेपर वाचलेला नव्हता पण गाठ म्हणजे काय ते त्याला कोणाहीपेक्षा नीट कळलेलं होतं.

आणि जून २०१७. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून व्हायरस सोडला गेला, नंतर अमेरिका आणि ब्रिटनने रशियन लष्कराचं नाव घेतलं, पण तो व्हायरस काही युक्रेनमध्ये थांबला नाही, जगभर फिरत फिरत इथे न्हावाशेवाच्या एका टर्मिनलची सिस्टीम बंद पाडून गेला. आम्हाला तेव्हा एवढंच कळलं की गेट-इन होत नाहीये, म्हणजे कंटेनर बंदरात आत घेत नाहीयेत. ट्रेलर रस्त्यावर उभे, ड्रायव्हरचे फोन, "साहेब आत घेत नाहीत, कधी घेणार ते पण सांगत नाहीत." मी त्याला काय सांगणार, मलाच माहीत नव्हतं की आपण कुणाच्या तरी युद्धात उभे आहोत.

पण एक जागा अशी आहे की तिथे मला हा पेपर कमी पडतो. त्यांच्या मते गाठ वापरायची तर हातात मजबूत सरकार पाहिजे, कायदे पाहिजेत, संस्था पाहिजेत. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर जहाज पळवलं. जगातल्या बहुतेक देशांनी ज्यांना सरकार म्हणून मान्यताच दिलेली नाही असे लोक. लाल समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम तीस किलोमीटर, पनवेल-व्हीटी लोकल याहून जास्त अंतर कापते, आणि तेवढ्यावर ड्रोन-मिसाईल मारून डिसेंबरपर्यंत मोठमोठ्या जहाज कंपन्यांना आफ्रिकेला वळसा घालायला लावला. मान्य, ही समुद्रातली गाठ आहे, बँकेतली नाही, भाचीने फोनवर हे लगेच सुनावलंही. तरी बंद तर झालं ना.

जानेवारीत द्राक्षांचा सीझन. नाशिकचा माल, रॉटरडॅमला, रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, शून्याच्या आसपास तापमान धरून. द्राक्षाचा मणी टिकतो हो, पण देठ आधी सुकतो, हिरवा असतो तो तपकिरी होत जातो, आणि तिकडचा खरेदीदार पेटी उघडली की पहिले देठच बघतो. तिथे दहा-पंधरा दिवस वाढले. वरून सरचार्ज. निफाडकडचे एक काका मला रोज फोन करायचे, "भाऊ, हे येमेनवाले नेमके कोणावर चिडलेत? आपण तर काहीच नाही केलं." याचं उत्तर मी आजही देऊ शकत नाही.

गठ्ठ्यात केनेथ वॉल्ट्झच्या १९७९ च्या पुस्तकातलं एक प्रकरण होतं. हा या विषयातला मोठा माणूस, अजून सगळे याच्याशीच भांडतात. तो म्हणतो, मलेशिया आणि कोस्टा रिका धरून आंतरराष्ट्रीय राजकारणाचा सिद्धांत उभा करणं हास्यास्पद ठरेल, सिद्धांत मोठ्या सत्तांवरच उभा राहतो. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरही असेल, बाजार मोठ्या कंपन्या चालवतात तसंच. पण आमचे कंटेनर पोर्ट क्लांगला उतरतात, आणि ते मलेशियात आहे, म्हणून मला ते वाक्य जरा लागलं.

यावर आता बराच वाद चालू आहे म्हणे. अमिताव आचार्य २०१४ पासून 'ग्लोबल आयआर' (आयआर म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध) म्हणतायत, की हा विषय फक्त अमेरिका-युरोपच्या अनुभवावर किती दिवस चालवणार, बाकी जगाचा इतिहास आणि विचारही आत घ्या. पटतं. फक्त आपल्याकडे 'बाकी जग' म्हटलं की लगेच कौटिल्य काढतात, शेजारी शत्रू आणि शत्रूचा शेजारी मित्र, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर आठवड्याला एकदा. अहो पण शेजारी राज्यांचं ते मंडलही राजाच्याच खुर्चीतून काढलेलं आहे! पाटलीपुत्र काय नि वॉशिंग्टन काय, बघणारा मधोमध बसलेला. रस्त्यावर ट्रेलर घेऊन उभा असलेल्याला यातून काय दिसतं ते कोणी मांडलंय का, असं मी भाचीला विचारलं तर ती दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाली, "मामा, जानेवारी २०२४ च्या रेट शीट, भाड्याचे तक्ते, आहेत का रे तुझ्याकडे?"

आता डिसर्टेशनला तोच विषय घेतलाय पोरीने. बॉसला विचारलं, तो म्हणाला दे, पण पार्टीची नावं खोड. त्यामुळे सध्या रात्री जेवण झालं की जुने मेल उघडून बसतो आणि एकेक नाव काळं करतो. निफाडच्या काकांचे मेल नाहीतच, त्यांचं सगळं फोनवर.