तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडीत माती कोणती घालू?

पावसाळा तोंडावर आला की इंदूरच्या ओळखीपाळखीच्या घरांतून अडेनियम या जाड बुंध्याच्या फुलझाडाबद्दल हमखास विचारणा होते, "काकू, आमचं अडेनियम पावसात कुजतं, तुमचं टिकतं कसं? माती कोणती घालता?"

खरं सांगायचं तर, माती मी घालतच नाही.

'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' हे आपल्या माळव्याचं वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि शेतासाठी ते अक्षरशः खरं आहे. आपली काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून तर हरभरा नुसत्या ओलीवर येतो. कुंडीत मात्र हाच गुण झाडाच्या जिवावर उठतो. उन्हाळ्यात ही माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून खाली पळून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पावसाळ्यात ती फुगते, छिद्रं बुजतात. मुळांना ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. अडेनियम मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. पाणी ते बुंध्यात साठवतं, मुळाशी साचलेलं त्याला सोसत नाही.

म्हणून मी घेते दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग नर्मदेची जाड रेती आणि एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत. वीट पक्की भाजलेली हवी. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी बोटांनी चुरला गेला तर ती वीट कामाची नाही. मग दोन चाळण्या. मला तुकडे 3 ते 6 मिलिमीटरचे लागतात, म्हणजे ज्वारीपासून तुरीच्या दाण्यापर्यंत. खालच्या चाळणीतून पडणारी लाल भुकटी पुन्हा मिसळायचा मोह होतो, पण ती टाकूनच द्या. मोकळ्या जागा तीच बुजवते. विटेचं मला फार कौतुक आहे. ती आतल्या छिद्रांत थोडं पाणी धरते आणि तुकड्यांच्या मधे हवा खेळती ठेवते. रेतीही धुऊन, चाळून घ्यायची. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पावसाळ्यात दिवसचे दिवस ओलं राहतं, म्हणून या झाडांना मी ते देत नाही.

तळाशी खडीचा थर देऊ नका. बारीक कणांतून पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, वरचं मिश्रण पुरतं भिजेपर्यंत तिथेच अडून राहतं. उलट ओल मुळांच्या जवळ सरकते. भोकावर एक खापर पुरे.

निवडुंग आणि युफोर्बियालाही हेच मिश्रण चालतं. चाफा, बोगनवेल यांना थोडी माती मिसळली तरी बिघडत नाही.

या मिश्रणाला मे महिन्यात पाणी वरचेवर घालावं लागतं, ते मला मान्य आहे. कमी पाण्यानं सुकलेलं अडेनियम पाणी दिलं की पुन्हा तरारतं, कुजलेला बुंधा वाचवणं फार अवघड.

यंदा कुंडी बदलणार असाल तर पाऊस लागायच्या आत बदला. नर्सरीतली जुनी माती मुळांवरून पूर्ण झाडा, मऊ पडलेली मुळं कापा आणि पहिले चार-पाच दिवस पाणी देऊ नका, कापलेल्या जागा वाळू द्या.