कोड खुला होता, तरी कॅमिनो का थांबला?

कॅमिनोचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: कोड तर सगळ्यांसाठी खुला होता, मग कोणीतरी तो पुढे का नेला नाही? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

ज्यांनी तो वापरला नाही त्यांच्यासाठी आधी ओळख. कॅमिनो हा फक्त मॅकसाठीचा ब्राऊझर. 2002 मध्ये चिमेरा या नावाने सुरू झाला, 2003 मध्ये नाव बदललं, 1.0 आवृत्ती फेब्रुवारी 2006 मध्ये आली. आत फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं गेको इंजिन (पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग) आणि बाहेरचं सगळं अंग अ‍ॅपलच्या कोको या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनसंचात लिहिलेलं. त्यामुळे खिडक्या, मेनू, बटणं अस्सल मॅकची वाटायची आणि पासवर्ड थेट मॅकच्या कीचेनमध्ये, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीत, जायचे. शेवटची आवृत्ती 2.1.2, मार्च 2012 मधली. काम थांबल्याचं 30 मे 2013 ला जाहीर झालं.

आता खुल्या कोडचं. कॅमिनोच्या स्वयंसेवकांचा स्वतःचा कोड म्हणजे बाहेरचं घर: टॅब, बुकमार्क, प्रेफरन्सेस, डाउनलोडची खिडकी. पान आणणं, एचटीएमएल वाचणं, जावास्क्रिप्ट चालवणं, सर्टिफिकेट तपासणं हे सगळं गेको करायचं. दोघांच्या मधला दुवा म्हणजे सीएचब्राऊझरव्ह्यू नावाचा क्लास (कोडचा एक तुकडा). त्यातलं ‘सीएच’ जुन्या चिमेरा नावाचं. ब्राऊझरचं नाव बदललं तरी ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. हा क्लास गेकोच्या ठरावीक इंटरफेसना (बाहेरच्या कोडसाठी ठेवलेल्या दारांना) हाक मारायचा, आणि ते इंटरफेस बदलणार नाहीत या भरवशावर सगळं घर उभं होतं.

मार्च 2011 मध्ये मोझिलाने गेको दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवण्याच्या सोयीला आधार देणं बंद केलं. त्याच महिन्यात फायरफॉक्स 4 आला आणि जूनपासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघू लागली. त्या वेगात बाहेरच्या मोजक्या प्रकल्पांसाठी इंटरफेस गोठवून ठेवणं इंजिन लिहिणाऱ्यांना जड जात होतं. निर्णय कठोर होता, पण त्यामागचं कारण खरं होतं असं माझं मत आहे. लिनक्सवरच्या गनोम डेस्कटॉपचा एपिफनी हा ब्राऊझर 2009 मध्येच गेको सोडून वेबकिट या सफारीच्या इंजिनावर गेला होता, म्हणून त्याला हा फटका बसला नाही.

कॅमिनोपुढे दोन वाटा राहिल्या. पहिली, आहे त्या गेको 1.9.2 वर थांबायचं. हे फायरफॉक्स 3.6 चं इंजिन, आणि मोझिलाने त्याचा आधार एप्रिल 2012 मध्ये संपवला. त्यानंतर सुरक्षेची प्रत्येक दुरुस्ती आपली आपण मागे उतरवायची. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नव्या कोडमधली दुरुस्ती आधी समजून घ्यायची, मग तोच दोष जुन्या कोडमध्ये आहे का ते शोधायचं. बहुतेक वेळा ती फाइल दरम्यान फोडलेली किंवा नव्याने लिहिलेली असते, आणि दुरुस्ती ज्या फंक्शनवर टेकलेली आहे ते जुन्या कोडमध्ये नसतंच. मग ठिगळ नव्याने शिवायचं, बांधणी करायची, चाचण्या चालवायच्या. त्यात गंभीर दोषांचा तपशील काही आठवडे मुद्दाम बंद ठेवलेला असतो. बाहेरच्याला फक्त बदललेल्या ओळी दिसतात, त्या का बदलल्या ते दिसत नाही. हल्लेखोरालाही त्याच ओळी दिसतात, आणि त्याला ठिगळ शिवायचं नसतं.

दुसरी वाट वेबकिटची. कॅमिनोच्या मंडळींनी त्या दिशेने जायचं ठरवलंही होतं. मॅकवर वेबकिट प्रणालीतच असतं, त्यामुळे इंजिनाच्या दुरुस्त्या अ‍ॅपलकडून आयत्या मिळतात. पण तो मधला दुवा पुन्हा लिहायचा म्हणजे कुकीज, सर्टिफिकेटचे इशारे, फॉर्ममध्ये पासवर्ड भरणं, फ्लॅश आणि जाहिराती अडवणं, बंद केलेली सत्रं परत उघडणं, हे सगळं नव्याने. नोकरी सांभाळून संध्याकाळी काम करणाऱ्या मूठभर लोकांचं हे एक-दोन वर्षांचं काम, आणि तेवढ्या काळात वापरणाऱ्यांच्या हाती जुनंच इंजिन. मुळातले काही जण तोवर सफारी, फायरफॉक्स आणि क्रोमच्या कामाला लागले होते. कोड खुला होता. तो वाचून त्यावर महिनोन्‌महिने बसू शकणारी माणसं उरली नव्हती.

मागे उतरवण्याची वाट कोणी चालूनच पाहिली नाही असं मात्र नाही. टेनफोरफॉक्स, म्हणजे जुन्या मॅकसाठीचा फायरफॉक्स, हे त्याचं मोठं उदाहरण. फायरफॉक्स 4 ने पॉवरपीसी प्रोसेसरचे जुने मॅक सोडले, तेव्हा कॅमेरॉन कायझर यांनी टायगर (10.4) आणि लेपर्ड या मॅकच्या जुन्या प्रणालींसाठी तो चालू ठेवला. जी3 पासून जी5 पर्यंतच्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळ्या बांधण्या, जावास्क्रिप्टसाठी पॉवरपीसीचा स्वतंत्र जिट (कोड चालता चालता यंत्रभाषेत उतरवणारा भाग), आणि फायरफॉक्स 45 वर थांबल्यावर पुढची काही वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे उतरवणं, हे सगळं प्रामुख्याने एका माणसाने केलं. मला त्या कामाबद्दल फार आदर आहे. पण 2017 पासून फायरफॉक्स बांधायलाच रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर लागू लागला, तो या जुन्या मॅकसाठी नव्हता आणि पुढची वाट बंद झाली. 2021 मध्ये, काही महिने आधी सांगून, नियमित आवृत्त्या थांबल्या.

अशा इंजिनाला शेवटी काय मारतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) न कळणारा गुण आला तर ब्राऊझर तो सोडून पुढे जातो. पान थोडं वाकडं दिसतं, पण वाचता येतं. जावास्क्रिप्टचं तसं नाही. 2020 पासून ब्राऊझरांमध्ये प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून टिंब अशी एक खूण चालू लागली. दहा हजार ओळींच्या फाइलमध्ये ती एकदाच आली, तरी जुनं इंजिन अख्खी फाइल नाकारतं आणि पान पांढरं राहतं. एरर कन्सोल उघडा. पहिली लाल ओळ सिंटॅक्स एररची असेल तर युजर एजंट (ब्राऊझर साइटला सांगतो ते स्वतःचं नाव) बदलून काही होत नाही. तो उपाय फक्त ब्राऊझरचं नाव बघून दार लावणाऱ्या साइटवर चालतो.

आणि याउलट डिलो हा छोटा ब्राऊझर बघा. स्वतःचं छोटं इंजिन, जावास्क्रिप्ट मुळातच नाही. 2015 च्या 3.0.5 नंतर नवी आवृत्ती नाही, मधे डोमेनही हातचं गेलं, आणि तरी मे 2024 मध्ये नव्या हातांनी 3.1.0 काढली. एका माणसाच्या आवाक्यात मावेल एवढाच तो कोड होता, म्हणून हे जमलं. डोमेनच्या गोष्टीवरून एक सांगावंसं वाटतं: बंद पडलेला ब्राऊझर त्याच्या जुन्या पत्त्यावरून उतरवून घेऊ नका. तो पत्ता आज कोणाकडे आहे ते आधी पाहा.

तुमच्या जुन्या मॅकवर कॅमिनो अजून असेल आणि त्यातलं काही वाचवायचं असेल, तर आधी त्याचं प्रोफाइल फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून ठेवा. ते होम फोल्डरच्या लायब्ररीत, अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये ‘कॅमिनो’ नावाने असतं. लायन (10.7) आणि नंतरच्या प्रणालींच्या मॅकवर लायब्ररी लपवलेली असते. फाइंडरमध्ये ‘गो’ मेनू उघडून ऑप्शन कळ दाबली की दिसते. ब्राऊझर चालत असेल तर फाइल मेनूतून बुकमार्क एचटीएमएलमध्ये काढा, ते कुठल्याही ब्राऊझरमध्ये आत घेता येतात. मॅकओएस कॅटालिना (10.15) पासून 32 बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, तिथे कॅमिनो उघडणार नाही. मग त्याच फोल्डरमधली बुकमार्कची पीलिस्ट फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, सगळे पत्ते त्यात वाचता येतात. पासवर्ड शोधायला कीचेन अ‍ॅक्सेस उघडा. ते कॅमिनोच्या फोल्डरमध्ये नसतात, त्यामुळे कॅमिनो उडवला तरी जात नाहीत. कुकीज हलवायच्या फंदात पडू नका, नव्या ब्राऊझरमध्ये पुन्हा लॉगिन करा.

सुरक्षित पानं उघडत नसतील तर त्याचं कारण बहुधा टीएलएस, म्हणजे साइटशी होणारी जोडणी गुप्त ठेवणारी पद्धत, असतं. गेको 1.9.2 ला 1.0 च्या पुढचं येत नाही, आणि आज बहुतेक सर्व्हर किमान 1.2 मागतात. यावर सेटिंगमध्ये उपाय नाही. मात्र सगळ्याच ब्राऊझरमध्ये सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ असं येत असेल, तर आधी मेनूबारवरची तारीख पाहा. जुन्या मॅकची आतली बॅटरी मेली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख दुरुस्त करा आणि ब्राऊझर बंद करून पुन्हा उघडा.