शिमग्याला गावी जायचंच

मुंबईहून कोकणात शिमग्याला, म्हणजे होळीच्या सणाला, जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते, बाकीचं मग. दादरहून तुतारी एक्सप्रेस रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, म्हणजे तारीख बदललेली असते, त्यामुळे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं काढायचं. प्लॅटफॉर्मवर हमखास एखादं कुटुंब दिसतं, पोरं पेंगलेली, पिशव्यांचा ढीग, म्हातारी आजी बाकावर आणि हातात आदल्या रात्रीच निघून गेलेल्या गाडीचं तिकीट. बघवत नाही हो. आणि दुसरं म्हणजे 1 नोव्हेंबर 2024 पासून रिझर्वेशन 120 दिवसांऐवजी 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा शिमगा मार्चात असेल तर जानेवारीत सकाळी 8 च्या आधी फोन हातात घेऊन बसायचं. 8 वाजून 5 मिनिटांनी वेटिंग सुरू झालेलं असतं.

गणपतीला कोकणात जायचंय म्हटलं की ऑफिसमध्ये कोणी काही विचारत नाही, रजा मिळते, उलट मोदक आण म्हणतात. पण शिमग्याला चार दिवस रजा मागितली की समोरचा म्हणतो, होळीला चार दिवस? एक दिवस रंग खेळायचा की झालं ना? त्याचं चुकत नाही, त्याला माहीत असलेली होळी तेवढीच असते. माझंही माहेर अमरावतीचं, आमच्याकडे होळी म्हणजे शेणाच्या चाकोल्यांची म्हणजे छोट्या गोवऱ्यांची माळ, साखरेच्या गाठी, पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी रंग. (मेळघाटात कोरकू लोकांची होळी मात्र वर्षातला सगळ्यात मोठा सण असतो, दिवसच्या दिवस चालतो आणि फगवा म्हणजे होळीची बक्षिसी मागतात, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) लग्न होऊन डोंबिवलीत आले, सासरचं गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरूखच्या पुढे, आणि तिथे गेल्यावर कळलं की हा सण एका दिवसाचा नाहीच.

फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, पहिली छोटी होळी लागते. मग रोज रात्री एक, गावातली पोरं फाका घालत लाकडं-गवत गोळा करतात, ते ओरडणं दोन वाड्या पलीकडे ऐकू जातं. काही गावांचे तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीला मोठा होम, काहींचे पौर्णिमेचे. त्यानंतर पालखी घरोघर निघते आणि गाव मोठं असेल तर पार गुढीपाडव्यापर्यंत फिरत राहते. त्यामुळे कॅलेंडर बघून काही उपयोग नाही, गावात फोन करून पालखी आपल्या वाडीत कधी येणार ते विचारायचं आणि त्याप्रमाणे रजा टाकायची. हल्ली वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाइमटेबल येतं, सकाळी गुरववाडी, दुपारी खालची वाडी, रात्री मधली वाडी, पण ते पाळलं जाईल असं धरून चालू नका, एकेका घरी पालखी किती वेळ बसेल हे कोणाच्या हातात नसतं.

दादा म्हणजे माझे सासरे परळच्या एका गिरणीत होते, 1982 च्या संपापर्यंत. तेव्हा गाववाल्यांची मिळून एक खोली असायची, पाळीप्रमाणे झोपायचे, एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी. दादा सांगतात, शिमगा जवळ आला की खोलीतला माळ्यावरचा ढोल खाली निघायचा, रजा मिळाली तर ठीक नाहीतर खाडा, पगार कापला तरी चालेल. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी सगळा प्रवास एसटीचा, कशेडी घाटात निम्मी गाडी ओकायची, पहाटे संगमेश्वरला उतरून पुढची गाडी मिळेपर्यंत स्टँडवर बसून राहायचं. एवढं करून जायचे. मी त्यांना विचारलं होतं, का हो दादा, गणपतीला तर जायचातच ना. तर ते म्हणाले, गणपती आपण आणतो गो, शिमग्याला देव स्वतः येतो.

मला वाटतं सगळं त्यातच आलं. गणपतीत प्रत्येक घराचा आपापला गणपती, आपापली आरती. शिमग्यात अख्ख्या गावाचा देव वर्षातून एकदा देऊळ सोडून बाहेर पडतो आणि एकेका दारात येतो, श्रीमंताच्या आणि गरिबाच्याही. मग दारात कोणीतरी उभं असायला नको? कुणी म्हणतं आता व्हिडिओ कॉलवर दर्शन होतं, लाइव्ह पण असतं. असू दे, ज्याला दुबईहून येता येत नाही त्याच्यासाठी ते चांगलंच आहे, पण डोंबिवलीत बसून ज्याला येता येतं त्याने यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमची ग्रामदेवता वाघजाई, सोबत केदारलिंग. देवांची चांदीची रूपं असतात, म्हणजे मुखवटे, ती वर्षभर पेटीत कुलपात. शिमग्यात मानकरी आणि गुरव मिळून पेटी उघडतात, रूपं स्वच्छ करून पालखीत लावतात, त्याला रूपं लावणं म्हणतात. मग पालखीला साड्या नेसवतात, अबोलीचे वळेसर म्हणजे गजरे, झेंडू. देवळातून निघून पालखी सहाणेवर येऊन बसते. सहाण म्हणजे देवासाठी बांधलेला गावातला चौथरा, एरवी तिथे दुपारी गुरं सावलीला बसतात, या दिवसांत मात्र पाय लागू देत नाहीत.

होळीचं झाड ठरवून तोडतात, कुठे माड, कुठे पोफळ, आमच्याकडे आंबा. शंभरेक माणसं ते खांद्यावर घेऊन धावत आणतात, वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. उताराला मागचे ओढून धरतात, पुढचे ओरडतात, खालूबाजा म्हणजे ढोल, ताशा, सनई जोरात, धूळ इतकी की समोरचं दिसत नाही. ते उभं करून पहाटेला होम पेटतो. ज्यांचं त्या वर्षी लग्न झालंय ती जोडपी होमात नारळ टाकतात. आम्हीही टाकला होता, मला आगीची एवढी धग माहीत नव्हती, तोंडावर पदर घेऊन पुढे झाले तर मागून सगळ्या बायका ओरडत होत्या टाक गो, टाक गो.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पालखी घरी यायचा दिवस. थोरल्या जाऊबाई आणि मी आदल्या दिवशीपासून लागतो. ओटी, माजघर सगळं शेणाने सारवायचं, अंगणात सडा, रांगोळी, दाराला आंब्याचं तोरण. घरातल्या बंद खोल्या उघडून झाडायच्या, वर्षभराची जाळी, उंदरांनी नेलेली काजूची बोंडं, काय काय निघतं. स्वयंपाकघरात एकीकडे पुरण, एकीकडे आलेल्या-गेलेल्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे. त्या दिवसांत झाडाला ओले काजू असतात, त्यांची उसळ, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, कैरी घातलेली डाळ... मुंबईत ओले काजू मोजून घ्यावे लागतात, इथे शेजारच्या आजी टोपलीभर आणून ओटीवर ओततात आणि म्हणतात, आलीस गो बाय? बरा झाला.

गेल्या शिमग्यात पालखी आमच्याकडे संध्याकाळी सातला येणार होती, आली रात्री दोनला. पोरं झोपून गेली होती, ढोलाचा आवाज वळणावर आला तशी आपोआप उठून अंगणात आली, डोळे चोळत. आधी दोघेजण पालखी खांद्यावर नाचवतात, अंगणभर, ढोल वाढत जातो तसा वेग वाढतो, मग पालखी डोक्यावर घेतात, गुडघ्यावर बसतात, पुन्हा उठतात. माझा नवरा ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, पण पालखीखाली गेला की वेगळाच दिसतो, त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी इतर कुठे पाहिलेला नाही. वाडीतला प्रत्येक बाप्या एकदा तरी खांदा देतोच, आता काही गावांत बायकाही पालखी नाचवायला लागल्यात, आमच्याकडे अजून नाही. व्हावं असं मला मनापासून वाटतं, जाऊबाईंनाही वाटतं, गेल्या वेळी आम्ही दोघींनी ते मानकऱ्यांसमोर बोलूनही दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं.

मग पालखी ओटीवर पाटावर बसते. घरातल्या सुवासिनी खण, नारळ, तांदूळ, सुपारीने ओटी भरतात. आणि गुरव गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाण्याला ठरलेली चाल असते पण मजकूर प्रत्येक घराचा वेगळा, गुरवकाकांना अख्ख्या गावाची माहिती तोंडपाठ. कोणाच्या मुलाला नोकरी नाही, कोणाचं बाळंतपण जवळ आलंय, कोणाची जमिनीची केस चालू आहे, घरातल्यांनी कानात सांगायचं की ते देवाला सांगणार, "बा म्हाराजा, जी लेकरा पोटापाण्यासाठी मुंबईत, पुण्यात, परदेशात ऱ्हायलीत त्यांची राखण कर, आणि पुढच्या सालाला त्यांना तुज्या पायाशी आण रे म्हाराजा," आणि अंगणातले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" आपल्या घरची अडचण, जी आपण कदाचित शेजाऱ्यालाही सांगितली नसती, ती चारशे माणसांसमोर बोलली जाते आणि चारशे माणसं हो म्हणतात. मागच्या वर्षी दादांचं बायपास झालं होतं, गुरवकाकांनी ते सांगितलं तेव्हा मागे उभी असलेली पोरं, ज्यांना दादा कोण हेही नीट माहीत नसेल, तीसुद्धा पोटातून व्हय म्हाराजा ओरडली. आई म्हणजे सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या, मी तर रडलेच.

आमच्या शेजारचं घर बंद असतं. तिघे भाऊ, तिघेही बाहेर, आईवडील गेले. पालखी तिथेही जाते, आमच्या जाऊबाई आधी जाऊन त्यांचं अंगण झाडतात, समई लावतात आणि त्यांच्या नावाने ओटी भरतात. गाऱ्हाण्यात तिन्ही भावांची नावं घेतात. हे मी त्यांच्यातल्या धाकट्याला फोनवर सांगितलं, तो खूप वेळ बोललाच नाही, आणि यंदा बायकापोरांना घेऊन आला. घर राहण्यासारखं नव्हतं म्हणून आमच्याकडे राहिले, पण पालखीच्या वेळी आपल्या दारात उभे होते.

रात्री सहाणेवर नमन असतं, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य. गणपतीत जाखडी नाच, शिमग्यात नमन-खेळे, ही कोकणातली वाटणी. मृदंग, गण, गवळण, त्यात मावशी आणि मागचा वग, सगळं गावातलेच लोक करतात. दिवसा घरोघर खेळे येतात, सोबत संकासुर, काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. लहान मुलं त्याला घाबरून चुलीमागे लपतात आणि तो गेला की त्याच्याच मागे पळतात. माझी मुलगी आधी रडली, मग दोन वाड्या त्याच्या मागे फिरली.

खूण काढतात तेही बघण्यासारखं. जमिनीत नारळ पुरून ठेवतात आणि पालखी तो शोधते. पालखी खांद्यावर घेणाऱ्यांना जागा माहीत नसते, पालखी इकडे ओढते, तिकडे ओढते, एका जागी झुकते, तिथे उकरलं की नारळ. लोक श्वास रोखून बघतात, नारळ निघाला की एकच गजर.

सगळंच गोड आहे असं नाही. पालखीला पहिला मान कोणाचा, कोणत्या वाटेने जायचं, कोणत्या वाडीत जायचं, यावरून गावागावात वाद होतात, प्रकरण पोलिसांपर्यंत जातं, प्रशासनाला बंदी आदेश काढावे लागतात, काही ठिकाणी शिमगाच बंद पडलाय. मला याचं फार वाईट वाटतं. जो देव प्रत्येक दारात जातो त्याची पालखी कोणाच्या तरी अहंकारासाठी पेटीतच राहावी, आणि पोरांनी मुंबईहून येऊन कुलूप बघून परत जावं, यात कोणाचा मान राहिला? ज्या वाड्यांत पूर्वी पालखी जात नव्हती तिथेही ती गेली पाहिजे, आणि मानकऱ्यांनीच पुढे होऊन ते करावं, जिथे केलंय तिथे काहीही बिघडलेलं नाही.

आणखी एक, जे बाहेरच्यांना दिसत नाही. शिमग्यालाच घराचे निर्णय होतात, कारण आमच्या घरचे चारही भाऊ एका वेळी ओटीवर असतात. गणपतीत पाऊस, भाताची कामं, पाहुणे, कोणाला वेळ नसतो. शिमग्यात दुपारी पालखी दुसऱ्या वाडीत असली की सगळे पंख्याखाली पडतात आणि मग विषय निघतात, काजूच्या बिया यंदा कोणाला द्यायच्या, सातबाऱ्यावर नावं कधी चढवायची, पुतणीचं लग्न मेमध्ये की दिवाळीनंतर. यंदा विषय होता घराच्या छपराचा. पडवीकडच्या वाशांना वाळवी लागलीये, मागच्या पावसात तिथे रात्रभर भांडी ठेवावी लागली. धाकटे दीर म्हणत होते पत्रे घालू, दादा म्हणाले कौलंच, उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही. शेवटी चौघांनी सारखे पैसे काढायचं ठरलं, वासे बदलायचे, कौलं देवरूखवरून आणायची, जुन्यातली चांगली निवडून न्हाणीघरावर घालायची. सुतारकाका येऊन मापं घेऊन गेले, मे महिना संपायच्या आत काम करून देतो म्हणालेत, त्यामुळे आता मे मधलीही तिकिटं काढायची आहेत.